आधी हात डोक्यावर घ्यावा लागतो

संकठा घाट, वाराणसी
४ ऑगस्ट १९९६

चि. सौ. सुरुची,

आशीर्वाद आहेतच, तू वाचलंस न वाचलंस म्हणून ते थांबत नाहीत. सात वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही मला नाही, तेव्हा अक्षर ओळखायला जरा वेळ लागेल. हो, मीच. तुझी सासू. पत्र फाडायचं असेल तर पूर्ण वाचून फाड. लिहायला माझी सबंध दुपार जाणार आहे.

काल प्रसन्नची चिठ्ठी आली. त्याच्या चिठ्ठ्या कशा असतात तुला ठाऊकच आहे, बँकेतल्या अर्जासारख्या. 'मालविकाचं डोकं दुखतं. अर्धंच दुखतं, उजेड सोसत नाही, उलट्या होतात, शाळा बुडते. डॉक्टरांनी मायग्रेन सांगितलं आहे. काळजी नसावी.' काळजी नसावी म्हणे! तेरा वर्षांची पोर अंधाऱ्या खोलीत डोकं धरून पडते, आणि आजीनं काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?

मायग्रेन म्हणजे आपली अर्धशिशीच ना? मग या घाटापासून चौकापर्यंत कोणालाही विचार, बोट माझ्या दाराकडे दाखवतील. स्वतःच्या तोंडानं सांगते आहे, कारण खरं आहे आणि दुसरं कोणी तुला सांगायला येणार नाही. परवा नाववाल्याची सून आली, डोळ्यांवर पदर ओढून, भिंतीला धरत धरत. 'माई, तनी हाथ धर दा', जरा हात ठेवा, एवढंच बोलली. मी तिचं डोकं धरलं. तासाभरानं उठली आणि माझ्या ओसरीवर बसून मटार सोलायला लागली. नको म्हटलं तरी ऐकेना.

अशा बाईच्या नातीनं जबलपुरात गोळ्या खात पडावं हे मला बिलकुल पटत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मालूला इकडे पाठव.

मागच्या गोष्टीबद्दल म्हणशील, तर मी सोवळ्यात होते. पितृपक्षातली नवमी होती, तुझ्या मामंजींच्या सोलापूरच्या यजमानांकडलं श्राद्ध आपल्या घरी होतं, अकरा पानं वाढायची होती. तू बाजूला बसलेली, जिन्याखालच्या खोलीत. तुझं डोकं फुटत होतं, तू हाक मारलीस आणि मी आले नाही. तुला शिवले असते तर सगळा स्वयंपाक टाकावा लागला असता. त्यावरून तू प्रसन्नला आणि सहा वर्षांच्या मालूला घेऊन घर सोडलंस. सोवळ्यातल्या बाईनं दुसरं काय करायचं होतं ते तूच सांग.

एवढंच. मालूला गोड पापा.

आई


२५ ऑगस्ट १९९६

चि. सौ. सुरुची,

उत्तर नाही. ठीक आहे. मी काही उत्तराची वाट बघत दारात उभी नव्हते. टपालवाला रोज येतोच, त्याच वेळी मी ओसरीवर असते, तो योगायोग.

तू मालूला पाठवणार नाहीस हे कळलं. मग निदान तू तरी तिचं डोकं धर. मी सांगते तसं कर. गोळी डॉक्टरनं दिली असेल ती बंद करू नकोस, माझा त्यांच्याशी झगडा नाही. दुखणं कायमचं जातं असंही मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पण आलेली कळ उतरते, आणि पुढची यायला वेळ लागतो. आपल्या गलीतले डॉक्टर रत्नाकर, तेच ते, दात पुढे असलेले, गेल्या हिवाळ्यात स्वतःच्या बायकोला घेऊन आले होते. ती झोपल्यावर म्हणाले, 'माताजी, यह क्या है, मेरी समझ में नहीं आता.' मी म्हटलं, समझ में तो मेरे भी नहीं आता डॉक्टरसाहब, हाथों के आता है. बिचारे चष्मा पुसत बसले. आता त्यांच्या दवाखान्यातूनच बायका येतात माझ्याकडे! चिठ्ठी घेऊन!

तर नीट वाच. खिडकी लाव. बाम नाही, तेल नाही. मालूला उताणी निजव, उशी काढ. तू तिच्या डोक्याच्या बाजूला बस. दोन्ही हात तिच्या डोक्याखाली सरकव, असे की कवटी संपून मान सुरू होते तो खळगा तुझ्या बोटांच्या टोकांवर यावा. आणि मग काही करू नकोस. दाबायचं नाही, चोळायचं नाही. डोक्याचं ओझं आपणहून बोटांवर उतरू द्यायचं. पहिली दहा मिनिटं डोकं उतरतच नाही, मान आतून धरून ठेवते, माणसाला स्वतःला ते कळतही नाही. आपण थांबायचं. एकदा सुटलं की हातात कळतं. मग कानामागून जबड्याच्या सांध्यापर्यंत, मग भुवईच्या आतल्या टोकाशी, फक्त बोट टेकवायचं. दुधावरची साय उचलताना जितका जोर लागतो तितकाच.

बोलायचं नाही. हे तुला जमेल. मला जमायला फार वर्षं लागली.

आई


८ सप्टेंबर १९९६

चि. सौ. सुरुची,

तुझं कार्ड आलं. वर 'तीर्थरूप' नाही, खाली 'नमस्कार' नाही. मधे तीन ओळी. 'तुम्ही लिहिलं तसं केलं. मालूचं डोकं उलट वाढलं. माझंही दोन दिवस दुखत होतं म्हणून लिहायला उशीर झाला.'

वाढणारच! तू दाबलंस. दाबलंस ना? मला इथे बसून दिसतं आहे. पोर कण्हायला लागली की आईचा हात घट्ट होतो. दशाश्वमेधावर ते मालिशवाले यात्रेकरूंची चंपी करतात ना, टाळक्यावर फटाफट, तसं काहीतरी केलं असशील. अगं, कळ चढलेली असताना डोक्याचं कातडंसुद्धा नुसत्या पदरानं दुखतं. बाईसाहेबांनी एम. ए. केलं आहे आणि सायीएवढा जोर म्हणजे किती ते कळत नाही!

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि आत जाऊन आले. आता पुढचं लिहिते.

चूक तुझी नाही. मला हे माझ्या सासूबाईंनी शिकवलं, कालिंदीबाईंनी. तू त्यांना पाहिलं नाहीस. मी एकोणीस वर्षांची होते, माझं डोकं कधी जन्मात दुखलं नव्हतं. तरी सबंध श्रावणभर रोज दुपारी जेवणं झाली की त्या मला पुढ्यात घेऊन निजवायच्या आणि माझं डोकं हातात धरायच्या. एक शब्द सांगायच्या नाहीत. महिन्यानं म्हणाल्या, आता तू माझं धर. मी धरलं, आणि माझ्या हातांना आपोआप ठाऊक होतं किती ते. मी विचारलं, हे असं कसं? तर म्हणाल्या, जो हात आपल्या डोक्यावर आला नाही तो आपल्याला दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवता येत नाही.

त्यांनी सुनेला दिलं. मी सुनेला द्यायचं होतं. तू आठ वर्षं या घरात होतीस, दर महिन्याला तुझं डोकं दुखायचं, आणि दर महिन्याला नेमकं त्याच चार दिवसांत दुखायचं जेव्हा तुला शिवायचं नाही. पाचव्या दिवशी न्हाऊन तू वर यायचीस तोवर दुखणं गेलेलं असायचं. मग मी म्हणायचे, बघू पुढच्या वेळी. आठ वर्षांत माझा हात तुझ्या डोक्यावर एकदाही पडला नाही. नाववाल्याच्या सुनेच्या पडला, घरातल्या सुनेच्या नाही. मग तुझ्या हाताला कसं कळावं?

तेव्हा मालूला बरं वाटावं असं वाटत असेल तर तुलाच यावं लागेल. महिनाभर नको, आठ दिवस पुरे. मी तुझं डोकं धरीन, मग तू मालूचं धर. शिकवायला मी वाईट नाही.

आई


६ ऑक्टोबर १९९६

चि. सौ. सुरुची,

तुझं दुसरं कार्ड, २९ सप्टेंबरचं. पाठ झालं आहे. 'मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही. सोवळ्याचं कारण मला सांगू नका. त्या दिवशी तीन वाजता तुम्ही कोणाचं डोकं धरून बसला होतात, ते मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे. काल दिवसभर माझं डोकं दुखत असताना मला तेच ऐकू येत होतं.'

चार दिवस मी कोणाचंच डोकं धरलं नाही. बायका येऊन परत गेल्या. मी सांगितलं तबीयत बरी नाही. माझ्या तबीयतीला काय होतंय.

बरं. ऐक तर मग.

ब्राह्मण दोनला उठले. अडीचला मी सोवळं सोडलं, लुगडं बदललं. सोलापूरच्या यजमानीणबाईंचं कपाळ ठणकत होतं, प्रवासानं आणि उपासानं. मी त्यांना पुढच्या खोलीत निजवलं आणि त्यांचं डोकं धरलं. तू भिंतीपलीकडे होतीस. तुझं ओकणं मला ऐकू येत होतं. अकरा पानं वाढून झाली होती, स्वयंपाक कोणाला टाकावा लागणार नव्हता. तुला शिवून मी पुन्हा आंघोळ केली असती की झालं असतं. गंगा काय लांब होती?

मी आले नाही कारण मला तुझा राग आला होता. सकाळी तू पाहुण्यांदेखत ओरडलीस, 'गलीतल्या सगळ्यांचं डोकं धरता, माझंच तेवढं विटाळतं का?' तुझे मामंजी खाली मान घालून बसले. मला वाटलं, माझी अशी शोभा करते काय? बसू दे तिला. दुखू दे जरा. हो, दुखू दे असंच वाटलं, त्याच शब्दांत. सोवळं नुसतं पुढे करायला होतं, आणि सात वर्षं मी तेच पुढे करत आले. तुझे मामंजी गेले तेव्हाही त्यांना मी हेच सांगत होते, की माझं काय चुकलं?

माझं चुकलं, सुरुची. तू जे ओरडलीस ते खरं होतं, म्हणून तर इतकं लागलं.

हे लिहिताना मला रडू वगैरे आलेलं नाही. पण हा तिसरा कागद आहे, आधीचे दोन फाडले.

तू या घरी येऊ नकोस. बरोबर आहे तुझं.

आई


१४ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. सुरुची,

दिवाळीला प्रसन्नची चिठ्ठी आली, मालूच्या दोन ओळींसकट. 'आजी, मला परीक्षेची भीती नाही, डोक्याची आहे.' इतकं शहाणं अक्षर! कोणावर गेली आहे सांगायला नकोच.

मी येते आहे.

तू म्हणशील, कशा येणार? मामंजी गेल्यावर मी क्षेत्रसंन्यास घेतला आहे, मरेपर्यंत काशीची वेस ओलांडायची नाही, हा नेम तुला प्रसन्ननं कळवला असेलच. चार वर्षांत मी बहिणीच्या तेराव्यालाही गेले नाही. तिकीट काढून आणायला मी बिंदुमाधव भाऊजींना सांगितलं तर ते खालीच बसले. 'वहिनी, नेम मोडणार? वाटेत काही बरंवाईट झालं तर मोक्ष गेला हातचा!' मी म्हटलं, भाऊजी, मोक्षाची मला घाई नाही, मालूच्या परीक्षा जवळ आल्या आहेत. ते म्हणाले, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोकांना सांगा मराठिन माई सुनेकडे गेली आहे, आठ दिवस डोकी सांभाळा.

ऐटीत बोलले खरी, पण खरं सांगू? रात्री झोप लागली नाही. हे शहर सोडून मरायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी बाहेर मेलेलं नाही. नेम मी गंगेत उभी राहून घेतला होता. काल पहाटे परत पाण्यात उभी राहिले आणि सांगितलं, मोडते आहे. कोणासाठी तेही सांगितलं. बाहेर आले तेव्हा थंडीनं दात वाजत होते, पण मान ताठ होती माझी. पुष्कळ वर्षांत अशी ताठ नव्हती.

गाडी बावीसला निघते, तेवीसला सकाळी पोचते. ही तारीख मी मुद्दाम धरली आहे. तुझ्या कार्डांवर तू दोनदा तुझ्या दुखण्याचं लिहिलंस, एकदा ऑगस्टच्या अखेरीस, एकदा सप्टेंबरच्या. पुढचं मी बोटांवर मोजलं. तुझे दिवस मी आठ वर्षं मोजत होते, कोणत्या दिवशी तुला लांब ठेवायचं ते कळावं म्हणून, तेव्हा हिशेब चुकणार नाही. तेवीसला तू बाजूला असशील आणि तुझं डोकं दुखत असेल.

तुझ्या घरात बाजूला बसत नाहीत हे मला माहीत आहे. बरंच करता.

दार उघडायचं नसेल तर नको उघडूस. मी पायरीवर बसेन. बसायची मला सवय आहे.

आई


जबलपूर
२३ नोव्हेंबर १९९६, दुपार

सुरुची,

तू आत झोपली आहेस. दाराच्या फटीतून तुझा श्वास ऐकू येतो आहे, सावकाश, लांब. मी बाहेरच्या टेबलावर मालूच्या वहीतला कागद फाडून हे लिहिते आहे. तोंडानं मला नीट सांगता येणार नाही, मी मधेच काहीतरी वाकडं बोलेन.

तू दार उघडलंस तेव्हा एक डोळा हातानं झाकलेला होता. 'आज मी बाहेरची आहे,' म्हणालीस, आणि मागे सरकलीस. सात वर्षांनी, स्वतःच्या घरात, तरी मागे सरकलीस! मी शिकवलेलं इतकं पक्कं बसलं आहे तुझ्या अंगात. मला तिथेच उंबऱ्यावर शरम वाटली. 'म्हणूनच आजची गाडी धरली,' म्हटलं मी, आणि तुझा हात धरला.

आता जे हातांना कळलं ते सांगते. तुझी मान लाकडासारखी होती. मी आयुष्यात किती डोकी धरली त्याची गणती नाही, पण इतकं घट्ट धरून ठेवलेलं डोकं मला माहीत नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली, अर्धा तास झाला, तू देईनास. मी मनात म्हटलं, नको देऊस, माझ्यावर भरवसा का ठेवावास? पण मी इथून हलणार नाही. माझे गुडघे पेटले होते. प्रसन्न दारात येऊन उभा राहिला, त्याला मी डोळ्यांनीच हाकललं. आणि मग तुझ्या डाव्या कानामागून काहीतरी सुटलं आणि सबंध डोकं माझ्या हातांत आलं. तान्ह्या मुलाचं येतं तसं. तुझ्या डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहून माझ्या मनगटांवर आलं. ते मी पुसलं नाही, हात काढायचा नव्हता. तू म्हणालीस, 'इतका हलका असतो?' आणि झोपलीस.

हो गं, इतका हलका असतो. हा तुझ्या हक्काचा होता. पंधरा वर्षं उशिरा दिला.

मालू हे सगळं पायथ्याशी बसून बघत होती, डोळे एवढाले करून. बाहेर आल्यावर म्हणाली, 'आजी, मुझे भी सिखाओ ना. मग मी माझंच नाही, वर्गातल्या सुरभीचंपण धरीन.' माझी छाती अशी फुलली! हात पुढे केलेसुद्धा होते मी. मग मागे घेतले. म्हटलं, आईला विचार. आईच शिकवेल. मी फक्त तुझ्या आईला शिकवायला आले आहे. ती रुसली, पण समजली.

आठ दिवस मी आहे. रोज दुपारी तुझं डोकं धरीन, दुखत असो नसो. आठव्या दिवशी तू मालूचं धरशील आणि मी खुर्चीत बसून नुसती बघीन. तुझा हात माझ्याहून चांगला होणार आहे, हे मी आत्ताच लिहून ठेवते. इतकं दुखणं ज्यानं स्वतः सोसलं आहे त्याचा हात चुकत नाही. माझं तर कधी दुखलंच नाही. माझ्या सासूबाईंचं घराणं कोणाकडे गेलं म्हणून कोणी विचारलं, तर मी मान वर करून सांगणार आहे, सुरुचीकडे.

प्रसन्न मघापासून विचारतो आहे, आई, चहा ठेवू का? मी नको म्हटलं. मालूलाही स्वयंपाकघरात जाऊ दिलं नाही. गाडीत घोटभर पाण्याशिवाय पोटात काही गेलेलं नाही, तरी मी थांबले आहे. उठलीस की तोंड धू, आणि चहा तू कर. आजच, तुझ्या हातानं. मी पिणार आहे.

आई